कूलरचा हंगाम आणि घरातले ब्लीच : सुरक्षित वापराची रीत

मार्च लागला की नागपुरात घरोघरी कूलर धुवायला निघतात आणि एरवी मोरीखाली पडून असलेल्या दोन बाटल्या एकाच दिवशी बाहेर येतात. टाकीच्या तळाशी बसलेला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर काढायला ॲसिडची बाटली आणि कुबट वास घालवायला ब्लीचची. ही दोन्ही द्रव्ये एकमेकांत मिसळली की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. म्हणून ब्लीचविषयीचा पहिला आणि सर्वांत मोठा नियम असा, की ते फक्त साध्या, थंड पाण्यात मिसळावे. दुसऱ्या कोणत्याही द्रव्यात कधीही मिसळू नये.

असे का होते, हे समजून घेतले तर नियम पाठ करावा लागत नाही. घरगुती ब्लीच हे सोडियम हायपोक्लोराइटचे पाण्यातले द्रावण असते आणि ते मुद्दाम अल्कधर्मी ठेवलेले असते, कारण त्या अवस्थेतच त्यातला क्लोरीन द्रावणात टिकून राहतो. बोटांना ब्लीच लागल्यावर ती बुळबुळीत लागतात, ते या अल्कामुळेच. त्वचेवरच्या तेलाशी त्याची क्रिया होत असते आणि तो बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत हात वाहत्या पाण्याखाली धरायला हवेत. अशा द्रावणात आम्ल पडले की अल्कधर्म संपतो आणि क्लोरीन वायुरूपात बाहेर पडतो. संडास साफ करण्याच्या अनेक द्रव्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते, दुकानात सुटे मिळणारे फरशीचे ॲसिड बहुतेक वेळा तेच असते, आणि व्हिनेगर किंवा लिंबाचा रस सौम्य असला तरी शेवटी आम्लच. आपल्या शहरात संत्र्यांच्या सालींपासून घरीच केलेले बायोएन्झाइम अनेक जण फरशीला वापरतात. उपक्रम चांगला आहे, पण आंबवून तयार झालेले ते पाणीही आम्लधर्मी असते. नैसर्गिक आहे म्हणून त्यात ब्लीच घातलेले चालेल, असा समज करून घेऊ नये.

अमोनियाचीही हीच गत आहे. काच पुसण्याच्या काही द्रवांत अमोनिया असतो, आणि ब्लीचशी त्याचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाचे वायू तयार होतात, ज्यांनी डोळे आणि घसा जळजळतो. लघवीतूनही अमोनिया तयार होतो. त्यामुळे लहान मुलाने किंवा पाळीव कुत्र्याने फरशी ओली केली असेल, तर ती जागा आधी भरपूर पाण्याने धुवावी आणि मगच तिथे ब्लीचचे पाणी वापरावे. स्पिरिट, सॅनिटायझर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड हेही ब्लीचपासून दूरच असावेत.

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो. दार लावलेल्या लहानशा न्हाणीघरात उकिडवे बसून फरशी घासणाऱ्या माणसाच्या नाकाजवळच तो साचत जातो. हे काम पुष्कळ घरांत कामाला येणाऱ्या ताई करतात, तेव्हा कोणत्या बाटलीत काय आहे आणि कोणत्या दोन बाटल्या एकत्र करायच्या नाहीत, हे त्यांना आपण स्वतः सांगणे आणि हातमोजे देणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. दार, खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट पंखा चालू असल्याशिवाय ब्लीचची बाटली उघडूच नये. दमा असलेल्या व्यक्तीने हे काम करू नये, आणि मुलांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवावे.

आता प्रमाण. बाटलीवर हायपोक्लोराइटची टक्केवारी छापलेली असते, ती आधी वाचावी. ४ टक्क्यांचे ब्लीच असेल तर २५ मिलिलिटर ब्लीच मिसळून एकूण १ लिटर द्रावण केले की ते ०.१ टक्क्याचे होते, आणि फरशी, ओटा, दाराच्या कड्या यांच्या निर्जंतुकीकरणाला ते पुरते. रक्त किंवा उलटी सांडलेल्या जागेसाठी ०.५ टक्क्याचे, म्हणजे १ लिटरला १२५ मिलिलिटर, एवढे तीव्र द्रावण लागते. ५ टक्क्यांची बाटली असेल तर हेच आकडे २० आणि १०० होतात. अंदाजाने ओतू नये. खुणा असलेले एक प्लास्टिकचे माप याच कामासाठी वेगळे ठेवावे, आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात किंवा औषधाला वापरू नये. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्यावे आणि मग त्यात ब्लीच सावकाश सोडावे, म्हणजे शिंतोडे उडाले तरी ते तीव्र नसतात. पाणी गरम घेऊ नये, कारण उष्णतेने ब्लीच वाया जाते आणि वाफही जास्त येते.

प्रमाण बरोबर असूनही काम होत नसेल, तर कारण बहुधा मळ असते. माती, तेलकटपणा आणि शेवाळ यांच्यावरच क्लोरीन खर्ची पडतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर नागपुरातल्या अंबाझरी तलावाच्या आसपास अनेक घरे चिखलाने भरली होती. तशा प्रसंगी चिखलावरच ब्लीच ओतण्याचा मोह होतो, पण त्याचा उपयोग नसतो. गाळ खरवडून काढावा, साबणाच्या पाण्याने जागा धुवावी, साबण निघून जाऊ द्यावा, मग ब्लीचचे पाणी लावून १० मिनिटे तसेच ठेवावे आणि शेवटी स्वच्छ पाण्याने धुवून काढावे. अन्नाचा स्पर्श होणाऱ्या जागी हे शेवटचे धुणे टाळू नये.

कूलरसाठी क्रम असा ठेवावा. आधी प्लग काढावा, पाणी सोडून द्यावे आणि टाकीच्या आतल्या कडा ब्रशने घासाव्यात. डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची अंडी पाण्याच्या रेषेजवळ चिकटून असतात आणि टाकी कोरडी पडली तरी बरेच दिवस तग धरतात, म्हणून नुसते पाणी बदलणे पुरेसे नाही. क्षारांसाठी ॲसिड वापरायचे असेल तर ते उघड्यावर वापरावे, टाकी अनेकदा पाण्याने खळबळून धुवावी आणि त्या दिवशी ब्लीचला हात लावू नये. दुसऱ्या दिवशी, टाकी प्लास्टिकची असेल तर, ०.१ टक्क्याचे द्रावण लावून धुवून टाकावे. पत्र्याच्या टाकीला ब्लीच लावू नये. ते धातू खाते आणि टाकी गंजते. चालू कूलरच्या पाण्यात ब्लीच घालण्याची काहींची पद्धत तर अगदी चुकीची आहे, कारण ताट्यांमधून येणारी सगळी हवा आपण रात्रभर श्वासातून घेत असतो.

कपड्यांच्या बाबतीत रेशीम आणि लोकर यांना ब्लीचपासून कायम दूर ठेवावे. हे धागे प्रथिनांचे असतात आणि ब्लीच त्यांना अक्षरशः विरघळवते. भंडाऱ्याकडची कोशाची साडी एका शिंतोड्यानेही खराब होते.

साठवणीत नागपूरचा उन्हाळा आपल्या विरोधात आहे. तापमान १० अंशांनी वाढले की हायपोक्लोराइटचे विघटन साधारण तीन ते चार पट वेगाने होते. त्यामुळे मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात गच्चीवर किंवा बाल्कनीत राहिलेल्या बाटलीतले ब्लीच लवकर निकामी होते. बाटली अंधाऱ्या, त्यातल्या त्यात थंड जागी, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी आणि ॲसिडपासून वेगळ्या कप्प्यात ठेवावी. पातळ केलेले द्रावण २४ तासांत वापरून टाकावे. ते बंद झाकणाच्या रिकाम्या पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय मात्र आजच सोडावी. तहानलेले मूल बाटलीचा रंग पाहते, लेबल वाचत नाही.

माणसाच्या अंगावर ब्लीच फवारण्याचा प्रकार कोरोनाच्या काळात अनेक ठिकाणी झाला आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला एप्रिल २०२० मध्ये त्याविरुद्ध सूचना काढावी लागली. भाज्या आणि फळेही घरगुती ब्लीचने धुवू नयेत.

तरीही अपघात झालाच, तर घाई न करता पुढीलप्रमाणे वागावे. तीव्र वास येऊन डोळे चुरचुरू लागले, खोकला सुरू झाला, तर भांडे उचलण्यात किंवा फरशी पुसण्यात वेळ न घालवता सर्वांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे, आणि वास पूर्ण जाईपर्यंत आत जाऊ नये. डोळ्यात उडाले तर पापण्या उघड्या धरून नळाच्या सावकाश वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटे धुवावे आणि मग डॉक्टरांना दाखवावे. त्वचेवर सांडले तर भिजलेले कपडे काढून तेवढाच वेळ पाणी सोडावे. पोटात गेले तर उलटी करायला लावू नये, कारण वर येताना ते अन्ननलिकेला पुन्हा भाजते. उतारा म्हणून लिंबूपाणीही देऊ नये. तोंड धुवून, शुद्धीवर असलेल्या आणि गिळता येणाऱ्या व्यक्तीला पाण्याचे थोडेसे घोट द्यावेत आणि १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथे न्यावे. ब्लीचची बाटली, आणि त्यात काही मिसळले गेले असेल तर तीही बाटली, सोबत न्यावी. क्लोरीन श्वासातून गेलेल्या माणसाला सुरुवातीला बरे वाटले तरी काही तासांनी फुप्फुसात पाणी साचून श्वास लागू शकतो, म्हणून त्याला त्या रात्री एकटे सोडू नये आणि दम लागताच पुन्हा रुग्णालयात न्यावे.