उपग्रहचित्रांवरून हिमाची खोली काढताना
बडोद्यात बसून हिमालयातील हिमाची खोली काढू पाहणाऱ्या आपल्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी प्रथम हे ध्यानात घ्यावे की, साध्या उपग्रहचित्रावरून हिम कोठे आहे एवढेच कळते. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या हिरव्या आणि लघुतरंग अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशपट्ट्यांतून काढलेला हिमनिर्देशांक ०.४ च्या वर गेला, म्हणजे तेथे हिम आहे असे धरले, तरी ते वीतभर आहे की पुरुषभर, हे त्यातून समजत नाही. त्यासाठी प्लेयाडीससारख्या उपग्रहाच्या, एकाच जागेच्या दोन कोनांतून घेतलेल्या जोडचित्रांवरून एक उंचीनकाशा हिमाच्छादित दिवसांचा आणि दुसरा हिम वितळल्यानंतरचा तयार करून पहिल्यातून दुसरा वजा करावा. मात्र त्यापूर्वी दोन्ही नकाशे उघड्या, स्थिर खडकाच्या आधारे एकमेकांशी जुळवून घ्यावेत (खरी मेहनत येथेच आहे). कारण ४५ अंशांच्या उतारावर, उताराच्या दिशेने १ मीटर आडवा सरकाव राहिला, तर उंचीतही १ मीटरचीच चूक शिरते. जुळवणीनंतर त्याच खडकावर उरणारा फरक ही आपल्या मोजणीची मर्यादा समजावी आणि त्याहून कमी खोलीच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. दाट झाडी वगळावी. हिमनद्याही वगळाव्यात, कारण तेथे खालचा बर्फच सरकतो आणि वितळतो.