फॉरेस्टच्या टेकडीवर झाडं लावायचीत? आधी हे बघा

पावसाळा आला की ग्रुपवर मेसेज सुरू, रविवारी टेकडीवर रोपं लावू. लावा की, पण आधी जमीन कोणाची ते सातबारावर बघा, वनविभाग असं असेल तर कुदळ गाडीतच ठेवा. राखीव वनात विनापरवानगी खड्डे खणणं म्हणजे भारतीय वन अधिनियम 1927 चं कलम 26 लागू शकतं, भले तुमचा हेतू कितीही चांगला असो.

मग आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) ऑफिसला लेखी अर्ज द्या, गट नंबर, रोपांची संख्या आणि जातींची यादी जोडून. खरी गोची यादीतच होते. नर्सरीत स्वस्तात मिळतं म्हणून गुलमोहर, निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प लिहू नका, यातलं एकही आपलं नाही, गुलमोहर तर थेट मादागास्करचा! फळझाडं, औषधी झाडं टाकायची असतील तर अजून जपून, कारण 1980 च्या वन संवर्धन कायद्यात वनजमिनीवर बागायती पिकं, रबर, पाम, औषधी वनस्पती लावणं हे वनेतर काम धरलंय आणि त्याला केंद्राची पूर्वपरवानगी लागते. त्या भागातलीच देशी जात असेल आणि वनीकरणाच्या योजनेत बसत असेल तर सूट आहे, म्हणून ऐन, हिरडा, बेहडा, पळस असलं लिहा.

अभयारण्य असेल तर वन्यजीव कायदाही आला, त्यात 2022 च्या दुरुस्तीने आक्रमक परदेशी प्रजातींवर बंधनं घालायचे अधिकार केंद्राला दिलेत.

आणि टेकडीवर नुसतं गवत असेल तर ती जागा रिकामी समजू नका, माळरान आहे ते, तिथे झाडं लादू नका.