नवी गाडी ‘ऑन’ देऊन घेताय? या चुका टाळा

कोटेशनचा कागद टेबलावर होता. वर छापील आकडे: एक्स-शोरूम, आरटीओ, विमा, फास्टॅग. खालच्या मोकळ्या जागेत सेल्समनने पेनने ‘ॲक्से. ७५’ असं लिहिलं. मग कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला नुसतेच ‘३५’. पुढे हजार नाही, कशाचे तेही नाही.

“हे तेवढं कॅश करा सर. गाडी यार्डात उभी आहे. आज टोकन टाकलंत तर परवा पासिंग.”

२०२२ सालची गोष्ट. नुकतीच घटस्थापना झालेली, दसरा आठवड्यावर. माझ्या मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. एक लाख दहा हजार जादा देऊन गाडी घरी आली. त्या व्यवहारात आम्ही ज्या चुका केल्या, त्याच पुढच्या दोन-तीन वर्षांत ओळखीतल्या निदान पाच जणांना करताना पाहिलं, म्हणून हे लिहितोय.

‘ऑन’, म्हणजे जाहीर किमतीच्या वर द्यावे लागणारे जादा पैसे, हा शब्द आपल्याकडे नवा नाही. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी आठ-दहा वर्षं नंबर लावून बसलेली पिढी अजून घरोघरी आहे. तेव्हाही नंबर लागलेला माणूस कोरी स्कूटर वर पैसे घेऊन विकायचा. मधली वीस-पंचवीस वर्षं गाड्या मुबलक होत्या, डिस्काउंट मागायची सवय लागली आणि हा शब्द फ्लॅटच्या व्यवहारापुरता उरला. मग चिपचा तुटवडा आला. कोरोनाच्या पहिल्या लाटेत कार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी कापल्या आणि चिप बनवणाऱ्यांनी आपली क्षमता लॅपटॉप-मोबाईलकडे वळवली. गाड्यांची मागणी परतली तोवर रांगेतली जागा गेलेली होती. त्यात मार्च २०२१ मध्ये जपानमध्ये रेनेसास कंपनीच्या नाका इथल्या चिप कारखान्याला आग लागली. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये नेहमीच्या ४० टक्केच उत्पादन होईल, असं मारुतीने आधीच जाहीर करून टाकलं.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांनी हेच तिकडे उघड्यावर पाहिलं. तिथे डीलर छापील किमतीच्या शेजारी ‘मार्केट ॲडजस्टमेंट’ म्हणून काही हजार डॉलर सरळ लिहायचे. आपल्याकडे एक्स-शोरूम किंमत कंपनी जाहीर करते, त्यामुळे डीलरला ती बिलावर वाढवता येत नाही. जादा पैसा मग कागदाच्या मागच्या बाजूला जातो. आणि खरा घोळ तिथेच सुरू होतो.

पहिली चूक: ‘ऑन’ला गाडीच्या किमतीचा भाग समजणं

घासाघीस करून साठ हजारांचे पस्तीस केले, की माणूस स्वतःवर खूश होतो. १८ लाखांच्या गाडीला लाखभर म्हणजे काय, पाच-सहा टक्के, असा हिशेब मनाशी मांडतो. पण हे पैसे त्या १८ लाखांत कधीच मिसळत नाहीत.

बँक कर्ज देते ते कोटेशनवरच्या आकड्यावर. ऑनचे पैसे तुमच्या बचतीतून जातात, म्हणजे डाउन पेमेंट तेवढं कमी होतं किंवा सोनं-एफडी मोडावी लागते. विम्याचं तर आणखी वाईट. गाडीची आयडीव्ही, म्हणजे चोरी झाली किंवा गाडी पूर्ण निकामी झाली तर मिळणारी रक्कम, कंपनीच्या जाहीर किमतीवरून ठरते. नव्या गाडीलाही पहिल्या सहा महिन्यांत त्यातून ५ टक्के वजा होतात. १८ लाखांच्या गाडीची आयडीव्ही १७ लाख १० हजार. तुम्ही प्रत्यक्षात किती मोजलेत, हे विमा कंपनीला माहीतही नसतं आणि विचारायचंही नसतं. ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’चं जादा कव्हर घेतलंत तर बिलाची रक्कम आणि रोड टॅक्स परत मिळू शकतो. पण इन्व्हॉइस म्हणजे बिल. कागदाच्या मागचे ‘३५’ बिलात नाहीत.

गाडी विकतानाही तेच. मेव्हण्याने दोन वर्षांनी चौकशी केली तेव्हा जुन्या गाड्यांच्या दलालाने पहिला प्रश्न विचारला, “आज नवी कितीला पडते?” तुम्हाला कितीला पडली होती, हे त्याने विचारलंच नाही.

रोख रकमेबद्दल एक. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१७ पासून आयकर कायद्याने बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला आहे. म्हणूनच डीलर रोखीचा आकडा लहान ठेवून उरलेलं ॲक्सेसरीजमध्ये बसवतात.

ॲक्सेसरीज, कोटिंग आणि ‘हँडलिंग’

आमच्या बिलात पंचाहत्तर हजारांच्या ॲक्सेसरीज होत्या. गाडीत निघाले मॅट, मडफ्लॅप, डोअर व्हायझर, बॉडी कव्हर आणि डॅशबोर्डवर चिकटवलेला छोटा गणपती. उरलेली रक्कम ‘टेफ्लॉन’ आणि ‘अंडरबॉडी कोटिंग’ची. हे डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे झालं की नाही यावर वादही घालता येत नाही. मी त्या दिवशी गाडीखाली वाकून पाहायला हवं होतं. पांढरा शर्ट घातला होता.

टंचाईच्या काळात ॲक्सेसरीज पॅक पूर्ण नाकारला, तर सहसा गाडीच दुसऱ्याकडे जाते. म्हणून नाकारण्यापेक्षा यादी मागा: प्रत्येक वस्तूचं नाव, किंमत आणि जीएसटीसह वेगळं बिल. यादी मागितली की आकडा बऱ्याचदा आपोआप खाली येतो, कारण पंचाहत्तर हजार भरतील इतक्या वस्तू कागदावर दाखवायच्या कुठून?

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती डीलरला करता येत नाही. बाहेरून कोट आणा आणि आयडीव्ही व ॲड-ऑन (जादा कव्हर) तेच ठेवून तुलना करा. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ नावाची ओळ दिसली तर ती खोडायला सांगा. कंपनीपासून शोरूमपर्यंतची वाहतूक एक्स-शोरूम किमतीत धरलेली असते.

उलट काही आकडे उगाच संशयात सापडतात. १० लाखांवरच्या गाडीला लागणारा १ टक्का टीसीएस हा तुमच्या नावे भरलेला आयकर आहे. १८ लाखांवर १८ हजार, आणि रिटर्न भरताना तो वळता करून घेता येतो. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी त्यावरून शोरूममध्ये तासभर भांडण केलं आणि पस्तीस हजारांच्या ‘हँडलिंग’वर मुकाट सही करून आले.

वेटिंगचा आकडा खरा धरणं

सगळ्यात महागात पडली ती हीच चूक. “नऊ महिने लागतील सर, वर्षही लागेल” हे ऐकलं आणि आमच्या डोक्यात नऊ महिने पक्के बसले.

शब्दावर विश्वास बसावा असं वातावरण होतं खरं. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही७००चं बुकिंग ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडलं आणि ५७ मिनिटांत २५ हजार गाड्या बुक झाल्या. पुढच्या जुलैत स्कॉर्पिओ-एनने अर्ध्या तासात एक लाखाचा आकडा गाठला. वरच्या मॉडेलचं वेटिंग वर्षाच्या पुढे गेलं. पण या रांगेत अनेकांचे पाय दोन-दोन ठिकाणी असतात. एकच माणूस तीन शोरूममध्ये टोकन टाकतो. कुणी फक्त नंबर विकायला बुक करतो. कुणाचं कर्ज नामंजूर होतं, कुणी कंटाळून दुसरी गाडी घेतो. रांग कागदावर लांब असते आणि प्रत्यक्षात मधूनमधून एकदम गळते. शिवाय सगळ्या मॉडेलचं वेटिंग सारखं नसतं. टॉपच्या ऑटोमॅटिकला वर्ष असेल, तेव्हा मधल्या मॅन्युअलला दोन-तीन महिने असू शकतात. रंगावरूनही फरक पडतो.

म्हणून विचारायचा प्रश्न असा: या मॉडेलच्या, या रंगाच्या गेल्या महिन्यात तुम्ही किती डिलिव्हऱ्या दिल्या, आणि माझ्या पुढे किती बुकिंग आहेत? जो डीलर हे सांगत नाही, त्याचा वेटिंगचा आकडाही बाजूला ठेवा. मग शेजारच्या जिल्ह्यात फोन करा. वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही आरटीओत नोंदणी करता येते. पुण्यात नसलेली गाडी साताऱ्यात किंवा अहिल्यानगरला असू शकते. (टॅक्स वाचवायला पत्ता नसताना गोव्यात नोंदणी करणारे असतात, ती भानगड वेगळी आणि शेवटी महाग.)

आणि टंचाई संपतेच. कधी संपेल ते सांगता येत नाही, पण संपल्यावर काय होतं ते आपण पाहिलंय. मारुतीची जिम्नी जून २०२३ मध्ये १२.७४ लाखांपासून बाजारात आली. त्याच वर्षाच्या शेवटी ‘थंडर एडिशन’ १०.७४ लाखांपासून मिळत होती. जुलै २०२४ मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही७००च्या एएक्स७ या वरच्या मॉडेलची किंमत १९.४९ लाखांपासून ठेवली, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन लाखांनी खाली. जिच्यासाठी लोक वर पैसे द्यायला तयार होते, तीच गाडी. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी उतरला. छोट्या गाड्यांवर २८ टक्के आणि वर सेस होता, तो १८ झाला. त्याच्या महिनाभर आधी “लवकर पाहिजे” म्हणून वर पैसे मोजलेल्यांचं काय झालं असेल, ते सांगायला नको.

एक साधा भागाकार करा. जादा रक्कम भागिले वाचणारे महिने. एक लाख दहा हजार भागिले पाच (पाचच का, ते शेवटी), म्हणजे महिन्याला बावीस हजार. तेवढ्यात पुण्यात बऱ्यापैकी फ्लॅट भाड्याने मिळतो. घरात चालती गाडी असेल तर हा खर्च कशासाठी, ते निदान मोठ्याने बोलून बघा. आमच्या मेव्हण्याची जुनी वॅगनआर त्या दिवशी शोरूमच्या बाहेर उभी होती. तिनेच आम्ही गेलो होतो.

गाडीची गरज खरीच असते अशीही वेळ येते. टॅक्सीचं परमिट अडलंय, घरात आजारी माणूस आहे, जुनी गाडी बंद पडलीय. तेव्हा जादा पैसे देण्यात मला काही वावगं वाटत नाही. फक्त ते बिलावर दिसले पाहिजेत.

मुहूर्त शोरूमला सांगणं

“दसऱ्याला पाहिजे” असं म्हणताक्षणी आपली बाजू पडते. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या दिवसांत डीलरला गाडी विकावी लागत नाही, वाटावी लागते. पितृपक्षात तोच सेल्समन चहा मागवतो. गाडीची किंमत, ॲक्सेसरीज, विमा हे सगळं पितृपक्षात किंवा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ठरवून लेखी घ्यावं आणि गाडी हवी तर मुहूर्तावर आणावी. टोकनलासुद्धा मुहूर्त लागणारी घरं आहेत, आमचं त्यातलंच.

दुसऱ्याचा नंबर, दुसऱ्याची ‘कोरी’ गाडी

ऑनलाइन जाहिरात दिसते: ‘दोनशे किमी चाललेली, जवळजवळ नवी, ताबडतोब ताबा’. किंमत नव्यापेक्षा जास्त. यात तुम्ही आरसीवर दुसरे मालक होता आणि विकताना तो शिक्का भोवतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. नुसतं बुकिंग विकत घेणं त्याहून कच्चं. बुकिंग साधारणपणे नावावर असतं आणि दुसऱ्याकडे वळवता येत नाही. “डीलर माझा मित्र आहे, नाव बदलून देतो” या वाक्यावर लोकांनी टोकन गमावली आहेत.

बुकिंगची पावती कंपनीच्या साइटवर किंवा ॲपमध्ये दिसते का, ते त्याच दिवशी बघा. पावतीमागची बारीक अक्षरं वाचा. जवळपास सगळीकडे ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ असं असतं. जानेवारीत किंमत वाढली तर फरक तुम्ही भरायचा, करकपात झाली तर फायदाही तुमचाच.

पैसे देऊन बसला असाल तर

बिलातल्या ॲक्सेसरीजची यादी घेऊन गाडीजवळ उभे राहा आणि एकेक वस्तू टिक करा. जे नाही त्याचे फोटो काढून डीलरला ईमेल करा, प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला. फोनवर बोलत बसू नका. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. आम्ही ईमेल केल्यावर न केलेल्या कोटिंगचे अठरा हजार परत आले. मागच्या बाजूच्या ‘३५’बद्दल मात्र काहीच करता आलं नाही. पावती नव्हती, आणि तो कागदही सेल्समनने परत ठेवून घेतला होता.

त्याच गाडीचं दुसऱ्या शोरूममध्ये मेव्हण्याने आधीच बुकिंग केलेलं होतं, सरळ किमतीत. घाईत ते रद्द करायचं राहून गेलं. फेब्रुवारीच्या शेवटी, दसऱ्यानंतर पाचव्या महिन्यात, आम्ही जेवत असताना त्याला फोन आला. “सर, तुमचा नंबर लागलाय. गाडी पुढच्या आठवड्यात येतेय, घेणार ना?” तो नाही म्हणाला. बुकिंगचे एकवीस हजार परत मिळायला आणखी दीड महिना गेला.