केंद्राचा निधी गावात कुठे गेला, हे आपणच कसं तपासायचं

आमच्या गल्लीतली नाली जाऊबाईंच्या गोठ्यापाशी संपते. पुढे सांडपाणी रस्त्यावरच पसरतं. दोन पावसाळे आम्ही विटांवर पाय ठेवून पाणी भरायला गेलो. मग एकदा पोरीने मोबाइलवर ग्रामपंचायतीचा जमाखर्च उघडला, तर तीच नाली थेट शाळेपर्यंत गेलेली आणि बिलही निघालेलं. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, घरी पाच एकर पऱ्हाटी, शिक्षण दहावी. मला जमलं ते तुम्हालाही जमेल, म्हणून जसं केलं तसं सांगते.

आधी पैसा ओळखा. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी २०२०-२१ ते २०२५-२६ या काळातला. केंद्र तो राज्याला देतं आणि राज्याने दहा कामकाजाच्या दिवसांत पुढे पाठवायचा असतो, उशीर झाला तर व्याजासकट. आपल्या राज्यात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला, १० जिल्हा परिषदेला अशी वाटणी ठरलेली. केंद्राच्या अटीही आहेत: निवडून आलेलं मंडळ हवं, हिशेब आणि ऑडिट ऑनलाइन हवं. या अटी कागदावर पाळल्या की पुढचा हप्ता सुटतो. नाली मोजायला मात्र दिल्लीहून कुणी येत नाही. कॅगची, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांची, माणसंही निवडक गावंच तपासतात. म्हणून टेप आपल्याच हातात घ्यावा लागतो.

मोबाइलवर ई-ग्रामस्वराज हे पंचायतींच्या हिशेबाचं केंद्राचं पोर्टल उघडा. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडा. वर्ष एप्रिल ते मार्च असं धरायचं, इथेच बरेच जण चुकतात. बरंचसं इंग्रजीत आहे, तेव्हा कॉलेजातल्या पोराला शेजारी बसवा. दोनच गोष्टी शोधा: मंजूर आराखडा आणि खर्चाची व्हाउचरं. व्हाउचरवरची तारीख, रक्कम आणि पैसे कुणाला गेले, एवढं वहीत उतरवून घ्या. स्क्रीनशॉटही काढून ठेवा.

निधी बंधित (म्हणजे ठरलेल्या कामापुरताच) की अबंधित, तेही बघा. २०२१-२२ पासून या आयोगाच्या निधीतला ६० टक्के बंधित, त्यातला अर्धा पाण्याचा, अर्धा स्वच्छतेचा. उरलेले ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येतात, पण पगार आणि कार्यालयाच्या खर्चासाठी नाहीत. पाण्याच्या पैशातून स्वागत कमान उभी राहिलेली दिसली, तर तिथे बोट ठेवा.

आता खरं काम. व्हाउचरवर नालीची लांबी कळत नाही, ती मोजमाप पुस्तकात असते. त्यालाच सगळे एमबी म्हणतात. ग्रामपंचायतीकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा ठेवा. ‘भ्रष्टाचाराची माहिती द्या’ असं लिहू नका, त्याला उत्तरच येत नाही. मी लिहिलं होतं: ‘अमुक तारखेच्या अमुक व्हाउचरच्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची पानं आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला यांच्या प्रती द्याव्या.’ प्रतीला पानामागे २ रुपये पडतात. कागद दुसऱ्या कार्यालयात असले, तर अर्ज तिकडे पाठवणं त्यांचंच काम आहे. ‘तिकडे जा’ म्हणाले तरी परत फिरू नका, अर्ज देऊन पोच घ्या.

माझे ३० दिवस गेले, उत्तर आलं नाही. ‘काकू, हे केंद्राचं काम आहे, त्याचं ऑडिट झालं,’ एवढंच तोंडी ऐकवलं. मी २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं आणि पानं मिळाली. एमबीत लांबी १४० मीटर.

मोजायला ३० मीटरचा टेप घ्या आणि सोबत दोन माणसं ठेवा, त्यातला एक गल्लीबाहेरचा हवा. आमच्या बचत गटातल्या बायांनी सकाळी, वावरात जायच्या आधी मोजलं. टेप चार वेळा लावायची वेळ आलीच नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा २८ मीटरवर नाली संपली, म्हणजे सगळी मिळून ८८. रुंदी आणि खोलीही तीन जागी घ्या. प्रत्येक वेळी टेपचा आकडा आणि मागचं घर दोन्ही दिसेल असा फोटो काढा, नाहीतर ‘ही नाली आमच्या गावची नाही’ म्हणायला जागा राहते.

केंद्राच्या पोर्टलवर तक्रार करता येते, पण ती फिरून राज्याकडे आणि जिल्ह्याकडेच येते. त्यामुळे गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांनाही फोटोंसकट लेखी द्या. पण त्याआधी ग्रामसभेत बोला. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी असेल तो आकडा पुरतो. आमच्याकडे आल्या-आल्या रजिस्टर पुढे करून सह्या घेतात आणि ठराव मागाहून लिहितात. सही शेवटी करा. विषय लिहून झाला की मोठ्याने वाचायला लावा, त्यात मीटरचे आकडे आले की नाही ते ऐका, मग सही करा.

त्या दिवशी आम्ही अकरा बाया रजिस्टर धरून बसलो. ‘प्रत्यक्ष ८८ मीटर, नोंद १४० मीटर, फेरमोजणी व्हावी,’ हे वाक्य लिहून होईस्तोवर दिवेलागण झाली. फेरमोजणीला अभियंता आला तेव्हा टेपचं दुसरं टोक जाऊबाईंनी धरलं होतं.