गॅस चालू, तरी तापमान हलेना : बर्फ ते वाफ घरीच मोजून कसे पाहावे

बर्फ वितळतो, पाणी उकळतं, त्याची वाफ होते, हे शाळकरी मुलंही घडाघडा सांगतात. पण खाली गॅस चालू असताना तापमान एकाच आकड्यावर अडून बसतं, हे फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मुलांना घेऊन हे जरूर करा. तासाभराचं काम आहे.

तापमापी प्रयोगशाळेतली, उणे 10 ते 110 अंशांची घ्या. ताप मोजायचा थर्मामीटर चुकूनही वापरू नका. त्याची मजल 42 अंशांपर्यंतच असते, गरम पाण्यात तो फुटेल. शिवाय जाड बुडाचं लहान पातेलं, 200 ग्रॅम बर्फ, घड्याळ आणि वही.

बर्फ जाड फडक्यात गुंडाळून बत्त्याने बारीक ठेचा. इथे आळस नको. मोठे खडे राहिले तर तळाचं पाणी तापतं, वर बर्फ तरंगत राहतो आणि आकडे भरकटतात. ठेचलेल्या बर्फात दोन चमचे गार पाणी घालून ढवळा. पातेलं लहान बर्नरवर, अगदी मंद आचेवर ठेवा आणि उकळी येईपर्यंत आच बदलू नका. तापमापीचा फुगा तळाला टेकू देऊ नका. ढवळायचं ते लाकडी चमच्याने, सतत. दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहा.

शून्य, शून्य, पुन्हा शून्याच्या आसपासच. बर्फाचा शेवटचा कण विरघळेपर्यंत हेच चालतं, आणि तो गेला की आकडा भराभर चढू लागतो. मधली उष्णता गेली कुठे? बर्फातल्या रेणूंची घट्ट बांधणी सोडवण्यात. हाच अप्रकट उष्मा. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी 1760च्या दशकात ग्लासगोमध्ये तो मोजून दाखवला. 1 ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे 80 कॅलरी लागतात, तेच पाणी 0 वरून 100 अंशांवर न्यायला 100, आणि त्याची पूर्ण वाफ करायला तब्बल 540! म्हणजे वितळायला चार मिनिटं लागली, तर पुढे उकळी यायला पाच किंवा थोडी जास्त लागतील. वहीतल्या नोंदींशी ताडून पाहा.

पाणी तापताना कडेला बारीक बुडबुडे दिसले की उकळी आली असं समजू नका. ती पाण्यात विरघळलेली हवा. खरी उकळी खदखदते, आणि तेव्हा आकडा पुन्हा थांबतो. पुण्यात तो 98च्या आसपास थांबेल, महाबळेश्वरला 95-96वर. तापमापी बिघडलेली नसते, उंचीवर हवेचा दाब कमी असतो. पातेल्यावर पांढरं दिसतं ते वाफेचे निवलेले थेंब. खरी वाफ दिसत नाही. तिच्यात ते 540 कॅलरींचं ओझं असतं, म्हणून उकळत्या पाण्यापेक्षा तिचा चटका वाईट. हात आणि मुलं दूर ठेवा.

आता शेवटी गॅस मोठा करा आणि आकडा पाहा. पाणी जोरात उसळेल, तापमान मात्र तेवढंच. बटाटे उघड्या पातेल्यात उकडत असाल, तर उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवून ते लवकर शिजत नाहीत, फक्त पाणी आटतं. लवकर शिजवायचे तर कुकरच हवा. तिथे कोंडलेल्या वाफेच्या दाबामुळे पाणी 120 अंशांच्या आसपास जातं.