विधवा प्रथेविरुद्धचा ठराव ग्रामसभेत कसा आणावा आणि गावात कसा टिकवावा

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. या गावाच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणे आणि पुढे आयुष्यभर तिला शुभकार्यापासून लांब ठेवणे हे आमच्या गावात होणार नाही, असा त्याचा आशय होता. राजर्षी शाहू महाराजांचे निधन 6 मे 1922 रोजी झाले होते आणि त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांतच हा ठराव झाला. त्याच महिन्याच्या 17 तारखेला राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा, असे आवाहन केले. त्यानंतर अनेक गावांनी असे ठराव केले, पण त्यांपैकी काही ठराव इतिवृत्ताच्या वहीतून बाहेर पडलेच नाहीत. आपल्या गावात असा ठराव आणू पाहणाऱ्या सदस्य, सरपंच, बचत गटातील महिला आणि कार्यकर्त्यांसाठी हा मजकूर आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. ग्रामसभेच्या या ठरावाने कोणालाही शिक्षा करता येत नाही. ‘बंदी’ हा शब्द ठरावात वजनदार दिसतो. पण प्रथा पाळणाऱ्या घराला दंड करण्याची किंवा त्या घराचे दाखले अडवून धरण्याची भाषा कोणी सुरू केली, तर तिथेच थांबवावे. तसे करणे बेकायदा ठरेल आणि ज्या स्त्रीसाठी ठराव केला तिच्याच घरावर त्याचा भार पडेल. ठरावाला खरा आधार संविधानाचा आहे. अनुच्छेद 51क मधील मूलभूत कर्तव्यांत स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून नोंदवलेले आहे. ठरावाच्या प्रास्ताविकात या अनुच्छेदाचा आणि 17 मे 2022 च्या परिपत्रकाचा उल्लेख केला, की ‘हे कोणाच्या तरी डोक्यातले खूळ आहे’ हा आक्षेप बराचसा बोथट होतो.

सभेच्या आधीचे काम

ठरावाचे यशापयश सभेच्या दिवशी ठरत नाही, ते आधीच्या तीन-चार आठवड्यांत ठरते. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या नियमित बैठकीपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. पुष्कळ ठिकाणी ही महिला सभा केवळ सह्यांपुरती होते. वही घरोघरी फिरते आणि सभा झाली असे मानले जाते. आपला विषय मात्र खऱ्याखुऱ्या महिला सभेतूनच वर यायला हवा. त्यासाठी सभेची वेळ शेतातून परतल्यानंतरची ठेवावी आणि जागा ग्रामपंचायत कार्यालयापेक्षा अंगणवाडी किंवा समाजमंदिर निवडावी, कारण कार्यालयाच्या ओट्यावर पुरुष बसलेले असले की बोलणे आवरते घेतले जाते.

या सभेत पहिल्यांदा कोणाला बोलू द्यायचे, हे मला फार उशिरा कळले. एका गावात ठराव एकमताने झाला होता. टाळ्या वाजल्या, वर्तमानपत्रात फोटोही आला. दोनेक महिन्यांनी तिथे एका तरुण शेतकऱ्याचे निधन झाले. आम्ही पोहोचलो तेव्हा भावकीतली एक म्हातारी दगड घेऊन त्या मुलीजवळ बसली होती आणि उजव्या हातातल्या बांगड्या फुटून गेल्या होत्या. अंगणवाडीच्या ताईंनी मुलीचा दुसरा हात आपल्या पदराखाली घेतला आणि गावाने ठराव केल्याची आठवण करून दिली. म्हातारीने मान वर केली आणि विचारले, “माझ्या फोडल्या तवा कुठं गेला हुता तुमचा ठराव?” या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. त्या मुलीच्या डाव्या हातातल्या बांगड्या राहिल्या, एवढेच त्या दिवशीचे आमचे यश.

चूक आमची होती. गावातल्या ज्या वृद्ध स्त्रियांनी ही प्रथा स्वतःच्या अंगावर सोसली होती, त्यांना आम्ही सभेत मागच्या रांगेत बसवले होते आणि तरुण सदस्यांची भाषणे ऐकवली होती. प्रथा पाळण्यात त्यांचा हात असतो म्हणून त्यांना दोषी धरणे सोपे आहे, पण आपल्या वाट्याला जे आले ते निरर्थक होते असे कोणी अचानक सांगितले, तर ते पचवणे सोपे नसते. म्हणून महिला सभेत पहिला शब्द त्यांचा असावा. त्यांना मत विचारू नये. त्यांच्या वेळी काय झाले, कोणी केले आणि त्यानंतर पहिल्या संक्रांतीला त्या कुठे होत्या, हे विचारावे. बाकीची सभा पुष्कळदा तिथूनच पुढे सरकते.

धर्माचा प्रश्न आला तर

तो येतोच. ‘हा आमच्या धर्माचा भाग आहे, ग्रामपंचायतीने यात पडू नये’ असे कोणीतरी म्हणेल. शास्त्रात काय लिहिले आहे, यावर सभेत वाद घालण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; तो वाद जिंकला तरी गाव हरते. त्यापेक्षा गावातले कीर्तनकार, भजनी मंडळातील ज्येष्ठ आणि अंत्यविधीला येणारे पुरोहित किंवा जंगम यांची आधी घरी जाऊन भेट घ्यावी. त्यांना पाठिंबा मागण्याऐवजी एकच साधी गोष्ट मागावी: अंत्यविधीच्या वेळी ‘आता बांगड्या फोडा’ असे त्यांनी स्वतःहून सांगू नये.

या मागणीमागे महाराष्ट्राचाच अनुभव आहे. कोणतीही प्रथा पार पाडायला कोणाचे तरी हात लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार मुंबईतील नाभिकांनी कामगार चळवळीचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने केला. ज्या हातांवाचून ते कृत्य होणार नव्हते, ते हातच मागे घेतले गेले. आपल्या गावात हे हात कोणाचे आहेत, याची यादी करावी. ती दहा-पंधरा नावांपलीकडे जात नाही आणि तेवढ्या घरांत जाऊन बोलणे दोनशे लोकांच्या सभेत भाषण करण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

ठरावाची भाषा कोणत्याही एका धर्माचे नाव घेणारी नसावी, कारण पती गेल्यानंतरची बंधने निरनिराळ्या समाजांत निरनिराळ्या रूपांत आढळतात आणि एकाच समाजाकडे बोट दाखवले की विषय स्त्रीच्या सन्मानावरून घसरून जातीधर्माच्या भांडणावर येतो. जातपंचायतीने किंवा भावकीने प्रथा मोडणाऱ्या घराला वाळीत टाकण्याची धमकी दिली, तर मात्र गप्प बसू नये. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2017 पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

ठरावाचा मसुदा

मसुदा लहान आणि स्त्रीच्या निवडीला धरून असावा. ‘प्रत्येक विधवेने कुंकू लावले पाहिजे’ असा अर्थ निघेल असे वाक्य त्यात येऊ देऊ नये. एक सक्ती काढून दुसरी आणणे हा या ठरावाचा हेतू नाही. आम्ही वापरतो तो मजकूर साधारण असा आहे:

“पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या कृती कोणीही तिच्यावर लादणार नाही. तिने काय ल्यावे व काय नेसावे हे तीच ठरवील. गावातील सार्वजनिक व शासकीय कार्यक्रमांत पती हयात नसलेल्या स्त्रियांना इतर स्त्रियांइतकाच मान राहील. मृत्यूची नोंद होताच वारसनोंद व शासकीय योजना यांची लेखी माहिती ग्रामपंचायत तिला घरपोच देईल.”

शब्दांबद्दल एक सूचना करावीशी वाटते. ‘विधवा’ या शब्दाला पर्याय शोधण्यात सभेचा वेळ घालवू नये. एप्रिल 2023 मध्ये राज्य सरकारकडून ‘गंगा भागीरथी’ या शब्दाचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा त्यावर जोरदार टीका झाली आणि मूळ विषय बाजूलाच राहिला.

सभेची नोटीस निघण्यापूर्वीच हा विषय लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यावा. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात तो ढकलला गेला, तर लोक उठून जाण्याच्या वेळीच त्याची पाळी येते. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी असते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेतही ठराव होऊ शकतो, पण अशा सभेत केलेला ठराव ‘चार माणसांनी केला’ असे म्हणायला वाव राहतो, तेव्हा भरलेल्या सभेची वाट पाहावी. सूचक एक स्त्री आणि अनुमोदक एक पुरुष असावा. अनुमोदक भावकीत वजन असलेला, शक्यतो विरोधी गटातला असेल तर उत्तम, कारण सरपंचाच्या गटाचा ठराव म्हणून ओळखला गेलेला विषय पुढच्या निवडणुकीत सरपंचाबरोबरच जातो.

पहिले तीन महिने

बांगड्या राहिल्या आणि जमीन गेली, असे होऊ शकते. मी ते पाहिले आहे. दहाव्याच्या आसपास दीर किंवा सासरे कागद घेऊन येतात, ‘वारसाच्या कामासाठी’ सही लागते म्हणतात, आणि तो कागद हक्कसोडपत्राचा निघतो. म्हणून गावाने नेमलेल्या दोघी-तिघींनी पहिल्याच आठवड्यात घरी जाऊन एवढे सांगायला हवे, की वाचून दाखवल्याशिवाय आणि माहेरच्या किंवा गटातल्या कोणाला विचारल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा करू नये.

हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र नसल्यास पत्नी ही मुले, मुली आणि पतीची आई यांच्याबरोबरीने पहिल्या वर्गातील वारस असते, आणि तिला मिळालेल्या हिश्श्याची ती पूर्ण मालक होते. पुढे तिने पुनर्विवाह केला म्हणून तो हिस्सा परत जात नाही. गावात नेमके उलटे सांगितले जाते, त्यामुळे हे वाक्य छापून देणे बरे. तलाठ्याकडे वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, आणि सातबारावर नाव लागेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. घराची नोंद ग्रामपंचायतीच्याच नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत असते. ती दुरुस्त करायला कोणाच्याही दारी जावे लागत नाही, त्यामुळे पहिला बदल तिथेच करून दाखवावा.

योजनांपैकी दोन तातडीच्या आहेत. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील 18 ते 59 वयाचा कमावता माणूस गेल्यास राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकरकमी 20,000 रुपये मिळतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे मासिक अर्थसाहाय्य 2023 पासून 1,500 रुपये झाले; तिथे उत्पन्नाच्या दाखल्यावर अर्ज अडतो, म्हणून दाखला आधी काढून ठेवावा.

हळदीकुंकू आणि त्यानंतर

सार्वजनिक हळदीकुंकवाला सर्व स्त्रियांना बोलावले, की काम झाले असे समजले जाते. पण आमंत्रण आणि मान यांत फरक असतो. बोलावलेली बाई कोपऱ्यात बसते, करंडा तिच्यापाशी येतो आणि वाटणारी क्षणभर थबकते. तो क्षण सगळ्यांना दिसतो. त्यामुळे करंडा घेऊन फिरण्याचे कामच पती हयात नसलेल्या दोघी-तिघींकडे द्यावे, मात्र त्यांना आधी घरी जाऊन विचारूनच. एखादी नको म्हणाली तर आग्रह करू नये. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला ध्वजारोहणाच्या वेळी नारळ फोडणे, नव्या कामाचे भूमिपूजन, शाळेतील बक्षीस वाटप अशा प्रसंगांतही त्यांची नावे सहजपणे येत राहावीत. दर वेळी ‘विधवा असूनही’ असा निवेदनात उल्लेख करण्याची हौस निवेदकाने आवरावी.

ग्रामपंचायतीत यासाठी एक साधी वही ठेवावी. तिच्यात मृत्यूची तारीख, घरी कोण भेटून आले, वारसाची वर्दी कधी दिली, सातबारावर आणि नमुना 8 वर नाव लागले का, कोणत्या योजनेचा अर्ज झाला आणि हक्कसोडपत्र झाले असल्यास ते कोणासमोर झाले, एवढे रकाने असावेत. दर ग्रामसभेआधीच्या महिला सभेत ही वही मोठ्याने वाचावी आणि जो रकाना रिकामा आहे त्याच्यापुढे कोण जाणार, त्या व्यक्तीचे नाव तिथेच लिहावे.