कामाच्या जागेतील सुटकेच्या वाटा कशा तपासाव्यात : ट्रायँगल कारखान्याच्या आगीवरून

न्यूयॉर्कमधील ट्रायँगल शर्टवेस्ट (बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या) कारखान्याला २५ मार्च १९११ रोजी, शनिवारी, काम सुटण्याच्या बेतात आग लागली आणि १४६ कामगारांचा जीव गेला. त्यांपैकी १२३ स्त्रिया आणि मुली होत्या, बहुतेक इटालियन आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतल्या. ज्या दहा मजली ॲश इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर हा कारखाना होता, ती 'अग्निरोधक' म्हणून बांधलेली होती आणि तो दावा खोटाही नव्हता, कारण तीच इमारत आज न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वापरात आहे. म्हणून पाहणी करताना भिंतींपेक्षा माणसे बाहेर कशी पडतील याकडे लक्ष द्यावे. पुढील पद्धत युनियनच्या प्रतिनिधींसाठी आणि सुरक्षा समितीच्या सदस्यांसाठी आहे, तशीच ज्या कारखान्यात युनियन नाही तेथील कोणाही जबाबदार कामगारासाठी आहे.

पाहणी सुट्टीच्या दिवशी करू नये; ती काम चालू असताना, शक्यतो पाळी सुटण्याच्या थोडी आधी करावी. ट्रायँगलच्या नवव्या मजल्यावर वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूचे जिन्याचे दार कुलूपबंद होते. सुटताना सर्वांनी ग्रीन स्ट्रीटकडच्या एकाच वाटेने जावे आणि तेथे प्रत्येकीच्या पिशवीची झडती घेता यावी, अशी मालकांनी व्यवस्था लावलेली होती. चोरी होईल या भीतीने दारांना लागणारी कुलपे अशी नेमकी गर्दीच्या वेळी लागतात, आणि सकाळी दहा वाजता फिरणाऱ्या निरीक्षकाला ती दिसत नाहीत. प्रत्येक दार स्वतःच्या हाताने उघडून पाहावे. "किल्ली वॉचमनकडे असते" असे उत्तर मिळाले, तर ते दार बंद आहे अशीच नोंद करावी. दार कोणत्या बाजूला उघडते हेही पाहावे, कारण मागून लोटणाऱ्या गर्दीपुढे आत उघडणारे दार ओढायला जागाच उरत नाही. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या मूळ कलम ३८ मध्ये या दोन्ही बाबी स्पष्ट लिहिलेल्या होत्या : खोलीत माणूस असेपर्यंत दार आतून सहज आणि तत्काळ उघडले पाहिजे, आणि सरकते नसेल तर ते बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजे.

दारातून पुढे निघालेली वाट रस्त्यापर्यंत चालून पाहावी. नकाशावर विसंबू नये. ॲश इमारतीला तिसऱ्या जिन्याऐवजी बाहेरून एक लोखंडी जिना लावून भागवले होते. तो मागच्या चौकात उतरत होता, पण जमिनीपर्यंत न पोचता एका काचेच्या छपरावर संपत होता, आणि आगीच्या वेळी त्यावर गर्दी होताच तो माणसांसह कोसळला. चालताना जिन्यात ठेवलेली खोकी, मोडकी यंत्रे आणि पार्क केलेल्या दुचाकी यांची नोंद करावी. गच्चीचे दार विसरू नये. दहाव्या मजल्यावरची बरीच माणसे, त्यांत मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस हे दोघे मालकही होते, गच्चीवरूनच वाचली.

यानंतर आगीची खबर सर्वांपर्यंत कशी पोचते ते विचारावे. आठव्या मजल्यावरून दहाव्या मजल्यावर, म्हणजे मालकांच्या कचेरीत, फोन गेला. मधल्या नवव्या मजल्याला कोणी कळवलेच नाही, आणि सर्वांत जास्त माणसे तेथेच दगावली. आपल्या ठिकाणी कंत्राटी कामगार, रात्रपाळी, तळघरातील गोदाम यांपैकी कोणाला भोंगा ऐकू येत नाही, हे भोंगा वाजवूनच कळते.

आग पेटली ती आठव्या मजल्यावरील कटिंगच्या टेबलाखाली साठलेल्या कातरणाच्या पेटीत. ते कातरण जानेवारीनंतर उचललेले नव्हते. भिंतीवरचा होज ओढला तर त्यातून पाणी आले नाही. म्हणून चिंध्या, भुसा, थिनरचे डबे अखेरचे केव्हा हलवले याची तारीख मागावी आणि होजमधून पाणी सोडायला लावावे. होजच्या पेटीवरचे लाल रंगातले फलक पाहून समाधान मानू नये. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावे लागते. त्याची प्रत पाहायला मागावी. अग्निशमन दलाची शिडी आपल्या मजल्यापर्यंत पोचते का, हेही दलाकडे विचारून ठेवावे. न्यूयॉर्कच्या बंबांची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती.

पाहणीत आढळलेली प्रत्येक त्रुटी लेखी द्यावी, आणि माझ्या मते या सगळ्यात हेच काम सर्वांत महत्त्वाचे आहे. डिसेंबर १९११ मध्ये ब्लँक आणि हॅरिस यांच्यावर खटला चालला, तेव्हा दार बंद होते का, एवढाच प्रश्न नव्हता. त्या क्षणी ते बंद असल्याचे मालकांना माहीत होते हे सिद्ध होणे आवश्यक आहे, असे न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले, आणि दोघे निर्दोष सुटले. पुढे १९१४ मध्ये दिवाणी दाव्यांत तडजोड झाली ती दर मृतामागे ७५ डॉलरवर. तेव्हा अर्जात मजला, दाराची बाजू, तारीख, वेळ आणि पाहणाऱ्या दोघांच्या तरी सह्या असाव्यात, सोबत छायाचित्र जोडावे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व सही घेऊन ती पोच युनियनच्या दप्तरात ठेवावी. सुपरवायझरला तोंडी सांगितलेले सांगितले नाही असेच समजावे.

असा अर्ज एकट्याने देण्यात नोकरी जाण्याची भीती असते, आणि ती खरी असते. १९०९ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या सुमारे वीस हजार शिवणकामगार स्त्रियांनी संप केला; अनेक छोट्या कारखान्यांनी संघटनेशी करार केले, पण ट्रायँगलने संघटनेला मान्यता दिली नाही आणि कामगार तशाच कामावर परतल्या. आगीनंतर कामगार संघटक रोझ श्नायडरमन यांनी २ एप्रिल १९११ च्या सभेत धनिकांच्या सहानुभूतीला सडेतोड उत्तर दिले की कामगारांना वाचवायचे तर कामगारांचीच बळकट चळवळ लागेल. ५ एप्रिलला भर पावसात प्रचंड शोकयात्रा निघाली, आणि त्या दबावातून राज्याचा कारखाना चौकशी आयोग नेमला गेला. राज्याच्या विधिमंडळातील रॉबर्ट वॅग्नर अध्यक्ष आणि अल स्मिथ उपाध्यक्ष असलेल्या या आयोगात अमेरिकी कामगार महासंघाचे सॅम्युएल गॉम्पर्स होते, आणि आयोगाच्या कामातून न्यूयॉर्कमध्ये दारे, जिने, आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या कवायती आणि पाण्याचे फवारे यांविषयीचे कायदे झाले. तेव्हा अर्जावर निरनिराळ्या विभागांच्या सह्या घ्याव्यात आणि युनियन असेल तर तो तिच्या लेटरहेडवर द्यावा. वेतनाच्या वाटाघाटींच्या मागणीपत्रातही दारे आणि जिने यांचे कलम घालावे.

सरकारी निरीक्षक आले तर त्यांना कचेरीत बसवून कागद दाखवण्यावर थांबू नये, जागेवर न्यावे. आयोगासाठी काम करणाऱ्या आणि पुढे १९३३ मध्ये अमेरिकेच्या कामगारमंत्री झालेल्या फ्रान्सिस पर्किन्स यांनी एका कारखान्यात खुद्द वॅग्नर यांना भिंतीतल्या लहानशा भोकातून सरपटत बाहेर काढले. पलीकडे बर्फाने माखलेली, जमिनीपासून बारा फूट उंचीवर संपणारी लोखंडी शिडी होती, आणि तिला 'अग्निजिना' म्हटले जात होते.

दुरुस्ती झाल्याचे पत्र आल्यानंतरही महिन्याभरात, न कळवता, पुन्हा फिरावे आणि निकाल पहिल्या अर्जाच्या पोचप्रतीवरच तारखेसह लिहावा. ही फेरतपासणी वगळू नये, कारण याच मॅक्स ब्लँकला १९१३ मध्ये दुसऱ्या कारखान्यात कामाच्या वेळी दाराला कुलूप लावल्याबद्दल पुन्हा पकडावे लागले, आणि त्याला दंड झाला तो २० डॉलर.